एक प्याला कमी

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की शनिवारी रात्रीपासूनच माझ्या पोटात गोळा येतो. पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनावरून भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांनी मिळून घ्यायचा विधी, आणि रसाच्या प्याल्यांचं ताट माझ्याकडं असतं.

मी जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. सव्वीस वर्षं पोती मोजतोय. हमाल पाठीवर पोतं घेऊन समोरून गेला की माझ्या तोंडून आकडा आपोआप पडतो. आमच्यात पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. ही सवय मोंढ्याच्या फाटकाशी सोडून घरी येता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी लग्नात पंगत मोजतो, मयतीत माणसं मोजतो, एसटीत मागच्या सीटवर बसलो तर टकली मोजतो. मंडळीनं मला चर्चचा पंच म्हणून निवडलं ते माझी भक्ती बघून नव्हे. “हा मोजण्यात चुकायचा नाही,” एवढ्या एका गुणावर मी निवडून आलो.

आता प्रभुभोजनात मोजायचं काय, असं तुम्ही विचाराल. तर आमच्याकडं चाळीस भोकांची दोन स्टीलची ताटं आहेत. प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा प्याला बसतो. आशीर्वाद मागून झाल्यावर जो रस उरेल तो मोरीत ओतायचा नसतो, तिथंच आदरानं संपवायचा असतो. आणि आमच्या पाळकसाहेबांना शुगर आहे. मागं एकदा मी ऐंशीच्या ऐंशी भरून ठेवले, चौदा उरले. सात त्यांनी घेतले, सात मी. दुपारी त्यांची शुगर 280. पाळकीणबाईंनी मला बोलावून सांगितलं, “भाऊ, देवाचं काम आहे, पण मोजून भरत जा.”

रस पाळकीणबाईच करतात. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीची द्राक्षं लांबलांब जातात, पण आमच्या प्याल्यात किराणा दुकानातल्या काळ्या मनुका. त्या रात्री भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, साखर घालून गाळून घ्यायच्या. बिनदारूच्या द्राक्षरसाची ही खटपट आमच्याच मंडळीची नाही. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या एका दातांच्या डॉक्टरनं 1869 साली द्राक्षाचा रस तापवून तो आंबू नये अशी युक्ती काढली, ती याच प्रभुभोजनासाठी. दातांच्या डॉक्टरनं लोकांना गोड रस पाजावा, याला मोंढ्यात धंद्याची दूरदृष्टी म्हणतात.

तर मे महिन्यातला रविवार. सकाळी नऊलाच ऊन असं की बाहेर काढलेल्या चपला परत घालताना पाय उड्या मारतील. मी दारात उभा राहून मोजलं. पुरुष एकोणतीस, बायका सदतीस. दृढीकरण, म्हणजे प्रभुभोजन घेण्याआधीचा विधी, न झालेली पोरं वजा. उशिरा येणारी चार घरं मला तोंडपाठ आहेत, त्यांचे सात धरले. आतल्या खोलीत जाऊन त्र्याहत्तर प्याले भरले, दोनदा मोजले, पांढरं फडकं टाकलं आणि जागेवर येऊन बसलो. आता चित्त लावून उपासना करायची, दुसरं काही नाही.

“आपली अंतःकरणे वर करा,” पाळकसाहेब म्हणाले.

मी मान वर केली. वर पंखा होता. त्याला तीन पाती असतात हे मला माहीत आहे, तरी मी ती मोजली.

हे वाक्य फार जुनं आहे. तिसऱ्या शतकात आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचे बिशप सिप्रियन यांनी त्याचं कारणही लिहून ठेवलंय. प्रार्थनेला उभं राहताना लोकांनी प्रभूवाचून दुसरा विचार करू नये म्हणून त्यांना असं म्हणायला लावायचं. म्हणजे पावणेअठराशे वर्षांपूर्वीही लोक चर्चमध्ये उभे राहून भलताच विचार करत होते. हे कळल्यापासून मला कार्थेजची माणसं भावकीतली वाटतात.

उपदेश बायबलातल्या शोमरोनी स्त्रीवर होता. भर दुपारी विहिरीवर पाण्याला आलेली ती बाई. मे महिन्यात, जालन्यात, पाण्यावर उपदेश करणं हे पाळकसाहेबांचं धाडसच म्हणायचं. आमच्या गल्लीत तेव्हा नळाला नवव्या दिवशी पाणी येत होतं आणि तो नववा दिवस होता. पाळकसाहेब रंगात आले. “आणि बंधुभगिनींनो, तिनं काय केलं? ती आपली घागर तिथंच टाकून गावात धावत गेली!”

बायकांच्या बाजूनं एक सुस्कारा आला. तो भक्तीचा नव्हता. भरलेली घागर कुणी अशी टाकतं का?

माझा मेव्हणा खिडकीशी बसतो. उपदेशाचा दुसरा मुद्दा सुरू झाला की त्याची मान पडते. त्याला उठवायला गेलं तर तो बायबलातल्या युतुखचं उदाहरण देतो. त्रोवस गावात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला हा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांना वाटलं, गेला. पौलानं खाली जाऊन त्याला कवटाळलं, तो जिवंत झाला, मग सगळ्यांनी वर जाऊन भाकर मोडली आणि पौल पहाटेपर्यंत पुन्हा बोलतच राहिला. मेव्हण्याचं म्हणणं, शास्त्रात त्या पोराला कुणी रागावल्याचं लिहिलेलं नाही. मी म्हणतो, आपलं चर्च तळमजल्यावर आहे म्हणून तू वाचतोस.

उपदेश संपला, पाळकसाहेब मेजाशी गेले. फडकं काढलं. सगळीकडं शांत झालं. आणि त्या शांततेत बाहेरून आवाज आला. घूंऽऽऽ.

जालन्याच्या माणसाला हा आवाज झोपेतही ओळखू येतो. कुणीतरी नळाला मोटर लावली होती. लगेच दुसरी, मग तिसरी. खिडकीतून एका पोरानं डोकं घालून आईला ऐकू जाईल अशा, म्हणजे सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “आय, नळ आले!”

मेव्हणा जागा झाला.

पाळकसाहेब मोठे. त्यांच्या आवाजात जरासुद्धा फरक पडला नाही. ज्या रात्री प्रभूला धरून दिलं त्या रात्री त्यानं भाकर घेतली, ते वाचत होते. पण बायकांच्या बाकांवर खुसपुस झाली. दोघी उठल्या आणि पदर सावरत मागच्या दारानं गेल्या. मी मनात म्हटलं, एक्काहत्तर. दोन प्याले उरणार. पाळकसाहेबांना एक, मला एक, चालतंय. दहा मिनिटांनी दोघी ओल्या हातांनी परत आल्या. पुन्हा त्र्याहत्तर. माझी बायको पलीकडच्या बाकावरून माझ्याकडं बघत होती. तिची नजर म्हणत होती की आपल्या घरचा ड्रम रिकामा आहे आणि तुम्ही पंच आहात. दोन्हींतलं काय जास्त वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

दृढीकरणाच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं की सहभागिता या शब्दामागं ग्रीक शब्द आहे, कोइनोनिया, आणि त्याचा अर्थ भागीदारी. तेवढं एक मी विसरलो नाही. कारण भागीदारी मला कळते. मोंढ्यात भागीदार नफ्याला पुढं असतात आणि तोट्याच्या दिवशी गावाला गेलेले असतात. इथला धंदा उलटा. तोटा सगळा एकानं सोसलाय आणि नफ्याला आम्ही त्र्याहत्तर. असला ताळेबंद मी आडतीवर मांडला तर मालक त्याच दिवशी घरी पाठवील.

या भाकरीत नेमकं काय असतं, यावर मोठमोठी माणसं भांडली आहेत. 1529 साली जर्मनीत मारबुर्गला मार्टिन लूथर आणि स्वित्झर्लंडचे झ्विंगली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. लूथरनं मेजावर खडूनं येशूचं वाक्य लिहून ठेवलं, “हे माझं शरीर आहे.” त्याच्यापुढं तो हलेना. झ्विंगलींचं म्हणणं, ही आठवण आहे. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं, पंधरावं याच प्रश्नावर अडलं. आमच्या भावकीच्या बैठकीतही असंच होतं. चौदा बांधांचं मिटतं आणि पंधराव्या बांधापायी पिढ्या बोलत नाहीत.

आमचं भांडण तरी मिटलंय. नागपुरात 1970 साली सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. जालना उत्तर भारतात येतं हे शाळेच्या नकाशात नाही, आमच्या चर्चच्या नकाशात आहे. एक होताना ज्याची त्याची रीत राहिली. कुठं लोक कठड्याशी गुडघे टेकून घेतात, कुठं जागेवर बसून. आमच्याकडं ताट बाकांवरून फिरतं आणि प्याला हातात धरून थांबायचं असतं. सगळ्यांना मिळाल्यावर सगळ्यांनी मिळून घ्यायचं.

भाकरीची थाळी दुसऱ्या पंचांनी फिरवली. बेकरीच्या पावाच्या कडा काढून केलेल्या फोडी, त्या कधीच कमी पडत नाहीत. मग मी ताट उचललं आणि पहिल्या बाकाशी गेलो. तिथं आमच्या थोरल्या आजी बसतात. मूळच्या बेथेलच्या, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ वसवलेल्या ख्रिस्ती गावच्या. ऐकू कमी येतं. मी ताट पुढं केलं, त्यांनी थरथरत्या हातानं प्याला उचलला आणि त्या भरगच्च शांततेत माझ्या तोंडून स्पष्ट गेलं, “लाभ.”

“आमेन,” आजी म्हणाल्या.

मागून कुणीतरी खोकल्यासारखं केलं. माझे कान तापले, पण हात चालत राहिला. दोन, तीन, चार, आता मनात. पुरुष झाले. बायकांकडं वळलो. पुण्याहून आलेली एक लेक होती, ती हिशोबात नव्हती, पण उशिरा येणाऱ्या घरांतून एक जण आला नव्हता. जमलं. शेवटचा प्याला पाळकीणबाईंनी घेतला. पाळकसाहेबांचा मोठा प्याला मेजावर वेगळा असतोच. त्र्याहत्तर. ताट रिकामं. उरलं काही नाही, पाळकसाहेबांची शुगर सुरक्षित. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की ताट मेजावर ठेवताना मी जरा टेचात ठेवलं, खण्णकन आवाज झाला.

आणि वळलो तर सगळे माझ्याकडं बघत होते. प्रत्येकाच्या हातात प्याला. कुणी पीत नव्हतं.

मी बायकोकडं बघितलं. तिनं ओठ न हलवता विचारलं, “सोताला मोजलंत का?”

नव्हतं मोजलं.

पौलानं करिंथच्या लोकांना याच जेवणावरून झापलं होतं. पोटभरीचे लोक आधी बसून खायचे, काही तर झिंगायचे, आणि मागून येणारे गरीब उपाशी राहायचे. एकमेकांची वाट बघा, असं त्यानं लिहिलं. माणसानं स्वतःला पारखावं आणि मग भाकर खावी, हेही तिथंच आहे. त्या दिवशी मी त्र्याहत्तर माणसं पारखली होती आणि ती त्र्याहत्तर माणसं माझी वाट बघत होती. बाहेर मोटर चालूच होती. एकेका मिनिटाला एकेक घागर जात होती. पण कुणी हललं नाही. ओल्या हातांच्या दोघीही नाहीत.

थोरल्या आजींनी मला बोट हलवून बोलावलं. त्यांनी आपला प्याला माझ्यापुढं धरला आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाल्या, “घे रं लेकरा, उष्टा न्हाई. अर्धा तू पे, अर्धा मला ठेव.”

अंगठ्याएवढ्या प्याल्यातला अर्धा म्हणजे किती? चार थेंब. आजींना किती उरायला हवं, हे बघत मी जपून घेतला. मनुकांना साखर जास्त झाली होती. मोठ्या प्याल्यातून ओतून घेता आलं असतं, हे मला दुपारी जेवताना सुचलं.

मग सगळ्यांनी घेतलं. मेव्हण्यानंही, डोळे उघडे ठेवून.

बाहेरची मोटर कधी थांबली ते मला कळलं नाही. आशीर्वाद झाल्यावर बाहेर आलो, चपला पायात घालून उड्या मारत घरापर्यंत गेलो. रस्ता ओला होता, म्हणजे नळ येऊन गेले होते. बायको काही बोलत नव्हती आणि ती बोलत नसली की मी पावलं मोजतो.

दार उघडलं तर मोरीतला ड्रम भरलेला. शेजारच्या भाभींनी भिंतीवरून आपली नळी आमच्याकडं सोडली होती. ड्रम भरून उरलं ते घागरीत, घागरीतून उरलं ते कळशीत. नळीचं तोंड अजून ठिबकत होतं.

मी वाकलो.

“राहू द्या,” बायको म्हणाली. “काय मोजायलात आता?”

पण तोवर तोंडून गेलं होतं. “लाभ...”

“आमेन,” ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.