पिरानेसीचे तुरुंग आणि तापाची कथा
लेख आवडला, मात्र इटालियन वास्तुकार व चित्रकोरक पिरानेसी याची ‘काल्पनिक तुरुंग’ ही तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली चित्रमालिका तापाच्या भ्रमातून उतरली, हे आपले विधान पटत नाही. व्हेनिसच्या परिसरात 1720 मध्ये जन्मलेल्या या माणसाने वास्तुशास्त्राबरोबरच रंगमंचाच्या नेपथ्याचेही धडे घेतले होते, आणि इमारत समोरून न दाखवता कोनातून दाखवण्याची, जेणेकरून कमानींमागून कमानी चौकटीबाहेर निघून जातात, ती रीत इटलीतील बिबिएना घराण्याच्या नेपथ्यकारांनी आधीच रुळवली होती. मालिकेतले सातवे चित्रच पाहा: गोल मनोऱ्याभोवती जिना वळत वर जातो, उचलता पूल मध्येच लटकतो, आणि माणसे मुंगीएवढी दिसतात. शिवाय 1750 च्या सुमारास आलेली 14 चित्रे त्याने 1761 मध्ये 16 करून पुन्हा छापली, तेव्हा तांब्याचे तेच जुने पत्रे पुन्हा कोरून सावल्या गडद केल्या आणि साखळ्या, तुळया व जिने वाढवले. दहा-अकरा वर्षांनी तेच काम हाती घेऊन इतक्या थंड डोक्याने फिरवणाऱ्याला तापाचा रोगी कसे म्हणावे? गंमत म्हणजे कागदावर एवढे अफाट बांधणाऱ्या या वास्तुकाराच्या हातून प्रत्यक्षात उभे राहिलेले महत्त्वाचे काम एकच, रोममधील आव्हेंटाइन टेकडीवरचे छोटेसे चर्च.