अमेरिकेतले मूळ पॉप्युलिस्ट घोषणाबाज होते म्हणता? मग हा गोदामांचा हिशेब बघा

निवडणुकांचा हंगाम आला की एक दावा हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: ‘पॉप्युलिझम, म्हणजे लोकानुनयाचं राजकारण, हा रोग अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी जगाला दिला. १८९०च्या दशकात तिथले कर्जबाजारी, अडाणी शेतकरी एका फर्ड्या वक्त्याच्या नादी लागले. सरकारने वाटेल तेवढा पैसा छापावा म्हणून हट्ट धरून बसले. काळ्यांचा आणि परक्यांचा द्वेष केला, १८९६ला आपटले आणि मागे काहीही न ठेवता संपले.’

यातलं ‘कर्जबाजारी’ तेवढं मला बिनशर्त मान्य आहे. एका मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते त्याच्या जागी येईलच. बाकीचं एकेक करून पाहू.

आधी ‘अडाणी’. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत शेतकऱ्याला उभं करील अशी बँक जवळपास उरलीच नव्हती. उरला होता गावातला दुकानदार. पेरणीआधी शेतकरी त्याच्याकडे जायचा, अजून उगवायचं पीक त्याच्या नावे लिहून द्यायचा आणि वर्षभर पीठ, मीठ, कापड, अवजारं उधारीवर उचलायचा. रोखीचा भाव एक, उधारीचा वेगळा आणि बराच चढा, त्यावर पुन्हा व्याज. शरदात कापूस निघाला की तो दुकानदाराच्याच ताब्यात, हिशेबाची वही त्याच्याच हातात, आणि निघालेली बाकी पुढच्या सालावर. शिवाय लावायचा तो कापूसच, कारण दुकानदाराला खात्रीने विकता येणारं पीक तेवढंच. सगळेच कापूस लावणार म्हटल्यावर भाव कुठे जाणार? १८७०च्या दशकात पौंडाला ११ सेंटांच्या आसपास असलेला भाव १८९४मध्ये ५ सेंटांच्याही खाली आला.

हे वाचताना कुणाला सुपे आठवलं तर ते चुकीचं नाही. त्याच यादवी युद्धामुळे अमेरिकी कापूस अडकला, मुंबईत भाव कडाडला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच कोसळला. पुण्याकडच्या सावकारांनी हात आखडता घेतला. साराही वाढलेला होता. १८७५मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. त्यानंतर दोनेक वर्षांत टेक्सासच्या लॅम्पासस परगण्यात शेतकऱ्यांनी एक संघटना काढली. तीच पुढे ‘फार्मर्स अलायन्स’ झाली.

या अलायन्सची जान होती तिचे फिरते व्याख्याते. ते गावोगाव जाऊन लोकांना हिशेब समजावत: मालाचा भाव कोण ठरवतं, रेल्वेचं भाडं कसं लागतं, सुगीच्या दिवसांतच पैशाची चणचण का होते. या चळवळीची शेकडो छोटी वर्तमानपत्रं निघत होती. १८८७मध्ये टेक्सासच्या अलायन्सने डॅलसला स्वतःची सहकारी पेढी काढली. एकत्र विकायचं, एकत्र घ्यायचं, दुकानदाराला वळसा घालायचा. शेतकऱ्यांनी सामायिक हमीच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. बँकांनी त्या तारण म्हणून घ्यायला नकार दिला आणि १८८९मध्ये पेढी बुडाली.

ती पेढी चालवणारा माणूस होता चार्ल्स मॅक्यून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेंट लुईसच्या अधिवेशनात त्याच्या समितीने ‘सब-ट्रेझरी’ योजना मांडली. जिथे शेतमाल भरपूर निघतो त्या परगण्यांत सरकारने गोदामं बांधावीत. शेतकऱ्याने न नासणारा माल तिथे ठेवावा आणि स्थानिक बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षाला १ टक्का व्याजाने उचलावी. माल वर्षाच्या आत कधीही विकायची मुभा, गोदामाची पावतीही विकता येणार. हे कर्ज सरकार नव्या नोटांत देणार. म्हणजे सुगीला बाजारात माल वाढला की पैसाही वाढणार आणि माल विकला गेला की तो पैसा आटणार. आपल्याकडे बाजार समितीची शेतमाल तारण योजना ज्यांनी वापरली आहे, त्यांना यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. योजनेत दोष होते. गहाण जमीन आणि रेल्वेचं भाडं यांनी गांजलेल्या पश्चिमेतल्या गहूवाल्याला तिचा उपयोग कमीच होता. पण जी माणसं पतपुरवठ्याचा असा आराखडा कागदावर उतरवतात, त्यांना अडाणी म्हणायचं असेल तर तो शब्द आणखी बऱ्याच जणांना लावावा लागेल.

आता ‘वाटेल तेवढा पैसा छापा’. नेब्रास्कातल्या ओमाहाला ४ जुलै १८९२ रोजी पीपल्स पार्टीचा जाहीरनामा मंजूर झाला. अलायन्समधून उभा राहिलेला हा पक्ष, आणि त्याची माणसं म्हणजेच पॉप्युलिस्ट. त्यात चलनाची मागणी आकड्यात आहे: दरडोई किमान ५० डॉलर. ही मागणी का, हे समजायला १८७३मध्ये जावं लागतं. त्या वर्षीच्या नाणेकायद्याने लोकांनी आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणं बंद केलं आणि देश सोन्याला बांधला गेला. उत्पादन वाढत गेलं, पैसा त्या मानाने वाढेना, भाव वर्षानुवर्षं उतरत राहिले. गव्हाला बुशेलमागे डॉलरभर मिळत असताना काढलेलं कर्ज १८९४मध्ये ५० सेंटांच्या आसपासच्या भावाने फेडायचं, म्हणजे तेवढ्याच डॉलरला दुप्पट गहू. कॅन्सस-नेब्रास्कात मक्याचा भाव इतका पडला होता की लोक कोळशाऐवजी कणसं चुलीत घालत. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन हा काही शेतकऱ्यांचा पुढारी नव्हे, पण १८७३चा निर्णय ही मोठी चूक होती, असं त्यानेही १९९०मध्ये लिहून ठेवलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतून आणि कॅनडातल्या क्लोंडाइकमधून सोन्याचा ओघ सुरू झाला, पैसा वाढला आणि भाव चढले. पॉप्युलिस्टांचं गणित बरोबर होतं, धातू मात्र दुसराच निघाला.

चांदीच्या या गोष्टीत मुंबईही आहे. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने कलकत्ता आणि मुंबईच्या टांकसाळींत लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद केलं. जगातलं एक मोठं गिऱ्हाईक उठून गेलं आणि चांदी गडगडली. चारच दिवसांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने तिथल्या संसदेचं, म्हणजे काँग्रेसचं, खास अधिवेशन बोलावलं आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द झाला. मंदी आधीच सुरू झाली होती. फोर्टातल्या टांकसाळीचं दार मिटलं आणि कोलोरॅडोतल्या खाणकामगाराच्या पोटावर पाय आला!

‘एका वक्त्यामागे धावलेला जमाव’ हा या दाव्याचा कणा, आणि तोच सगळ्यात कच्चा. १८९२मध्ये त्यांचा उमेदवार होता जेम्स वीव्हर. त्याला १० लाखांवर मतं आणि निर्वाचक मंडळातली २२ मतं मिळाली. कॅन्सस, कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा ही राज्यं त्याने जिंकली. आज त्याचं नाव अमेरिकेतही किती जणांना सांगता येईल? फर्डा वक्ता म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं तो विल्यम जेनिंग्ज ब्रायन पॉप्युलिस्ट नव्हताच, डेमोक्रॅट होता. ९ जुलै १८९६ला शिकागोत डेमोक्रॅटांच्या अधिवेशनात त्याने सोन्याच्या क्रुसाचं, म्हणजे सोन्याला बांधलेल्या चलनाविरुद्धचं, ते गाजलेलं भाषण केलं आणि उमेदवारी खिशात घातली. दोन आठवड्यांनी पॉप्युलिस्ट सेंट लुईसला जमले ते पेचात. वेगळा उमेदवार दिला तर चांदीवाल्यांची मतं फुटणार, ब्रायनला घेतलं तर पक्ष विरघळणार. त्यांनी ब्रायनला घेतलं आणि उपाध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटांचा श्रीमंत स्यूअल नाकारून आपला टॉम वॉटसन उभा केला. एका नवरदेवाला दोन करवल्या! गोदामं, पावत्या, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण, सगळं मागे पडलं. उरली एकच घोषणा: चांदी, सोळास एक, म्हणजे सोळा भार चांदी एक भार सोन्याइतकी धरून नाणी पाडा. पश्चिमेतल्या खाणमालकांना ती सोयीची होतीच. एका घोषणेने आणि एका वक्त्याने चळवळ गिळली, हे खरंच घडलं. पण ते चळवळीच्या शेवटी घडलं आणि तिच्यातल्या जुन्या माणसांचा त्याला कडाडून विरोध होता. दावा करणारे शेवटच्या पानावरून पुस्तक उलटं वाचतात.

वंशद्वेषाचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. अर्धं सत्य म्हणालो ते हेच. काळ्या शेतकऱ्यांची अलायन्स वेगळी होती, कारण गोऱ्यांच्या अलायन्सने त्यांना आत घेतलं नाही. १८९१मध्ये कापूस वेचणाऱ्यांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा गोऱ्या अलायन्सचे पुढारी संपाच्या विरोधात उभे राहिले. आर्कान्सामध्ये तो संप रक्तात बुडवला गेला. ओमाहाच्या ठरावांत परदेशातून येणाऱ्या गरीब मजुरांविरुद्धही सूर आहे, आणि काहींच्या भाषणांत रॉथशिल्ड या ज्यू बँकर घराण्याच्या नावाने ज्यूंवर घसरणं होतंच. वॉटसनने १८९२मध्ये काळ्या आणि गोऱ्या शेतकऱ्यांना उद्देशून लिहिलं होतं, तुम्हाला एकमेकांपासून वेगळं ठेवतात ते तुम्हाला वेगवेगळं लुटता यावं म्हणून. हाच वॉटसन म्हातारपणी काळ्यांचा, कॅथलिकांचा आणि ज्यूंचा उघड वैरी झाला.

पण याच नाण्याची दुसरी बाजू दाव्यात येत नाही. नॉर्थ कॅरोलिनात १८९४पासून पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन यांनी काळ्या मतदारांसह राज्य चालवलं. ती आघाडी मोडायला डेमोक्रॅटांनी गोऱ्यांच्या वर्चस्वाचीच हाक दिली, आणि १० नोव्हेंबर १८९८ला विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र जमावाने निवडून आलेलं नगरप्रशासन हुसकावून लावलं, काळ्या नागरिकांना गोळ्या घातल्या. वंशद्वेषाची मशागत करणाऱ्यांत या चळवळीचे मारेकरी पुढे होते.

राहिलं ‘मागे काहीच ठेवलं नाही’. ओमाहाच्या यादीतला चढता आयकर आणि सिनेटरांची थेट निवडणूक, दोन्ही १९१३मध्ये घटनादुरुस्तीने आले. टपाल बचत बँकेचा कायदा १९१०चा, गोदाम पावत्यांचा १९१६चा. आणि १९३३च्या ऑक्टोबरमध्ये रूझवेल्ट सरकारने कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन उभं करून साठवलेल्या कापसावर पौंडाला १० सेंट कर्ज द्यायला सुरुवात केली. मॅक्यून तेव्हा ८२ वर्षांचा होता आणि हयात होता.