दहा सेकंदांवरून आयुष्य मोजू नका

गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला. "माझी सातच वर्षं राहिली का गं?" वय 72. सोलापूरच्या पूर्वभागातल्या घरात मांडीवर सूप घेऊन चाळीस वर्षं विड्या वळल्या तिने. घरच्या ग्रुपवरचा मेसेज वाचून ती एका पायावर उभी राहिली होती. सहाव्या सेकंदाला कपाटाला हात टेकावा लागला आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

तो मेसेज थोडक्यात असा : एका पायावर दहा सेकंद उभं राहता आलं नाही, तर सात वर्षांत मृत्यूची शक्यता 84 टक्के. तोल म्हणजे पायातली ताकद. रोज डोळे मिटून एका पायावर उभे राहा, शुगर आणि बीपी दोन्ही जाईल. सोलापुरात मी फिजिओथेरपी करते, आणि महिनाभरात चार पेशंटांनी हाच मेसेज मला दाखवलाय.

आधी 84 टक्के. संशोधन खरं आहे. ब्राझीलचे डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेलं. त्यात 51 ते 75 वयाची 1702 माणसं होती आणि साधारण सात वर्षं त्यांची माहिती ठेवली गेली. या काळात एकूण 123 जण दगावले. चाचणी जमलेल्यांपैकी 4.6 टक्के, न जमलेल्यांपैकी 17.5 टक्के. म्हणजे ज्यांना जमलं नाही त्यांच्यातलेही शंभरात ब्याऐंशीजण हयात होते! 84 हा आकडा तुलनेचा आहे. वय आणि आजार जमेस धरल्यावर न जमलेल्यांचा धोका दुसऱ्या गटापेक्षा 84 टक्क्यांनी जास्त निघाला. "84 टक्के लोक मरतात" असं त्यात कुठेही नाही. न जमलेल्यांच्या गटात मधुमेही जास्त होते, आणि 71 ते 75 वयाच्या निम्म्याहून अधिक लोकांना चाचणी जमलीच नव्हती. मावशी त्याच वयाची. शिवाय तिथे प्रत्येकाला तीन संधी होत्या, हिने एकदाच करून हाय खाल्ली.

तोल म्हणजे पायातली ताकद, हेही अर्धवट. ताकद लागतेच. पण गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या आधी नंदीध्वज (यात्रेतले उंच, जड ध्वज) पेलण्याचा सराव चालतो, तो जवळ जाऊन बघा. ध्वज सरळ दिसतो, पेलणाऱ्याची पावलं आणि कंबर मात्र सारखी इकडे-तिकडे सावरत असतात. आपलं साधं उभं राहणंही तसंच असतं. डोळे, कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव, या तिन्हींकडून मेंदूला खबर जाते आणि मेंदू क्षणोक्षणी सावरायला लावतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेला माणूस दिवसा नीट चालतो आणि रात्री लाइट गेली की भिंत धरतो, ते यामुळे.

चालण्यात लक्षही खर्च होतं. स्वीडनमधल्या लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये वृद्ध निवासातल्या 58 जणांबरोबर चालता चालता गप्पा मारल्या. बोलायला लागल्यावर बाराजण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहाजण पडले. मला ही पाहणी फार मोलाची वाटते, कारण तिला ना यंत्र लागतं ना दवाखाना. सिद्धेश्वर तलावाकाठी आईबरोबर फिरताना तुम्ही काही विचारलंत आणि उत्तर द्यायला ती दर वेळी थांबत असेल, तर तिची तपासणी करून घ्या.

डोळे मिटण्याचा सल्ला तर सरळ घातक आहे. तीन आधारांपैकी एक आपणच काढून घ्यायचा, तोही सत्तरीत, एका पायावर! खुब्याचं हाड मोडलं तर अंथरूण धरावं लागतं. आणि यावर विसंबून कुणी शुगरची गोळी बंद केली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

सराव फुकट जातो असं मी म्हणत नाही. घरी राहणाऱ्या वृद्धांवरच्या 108 चाचण्यांचा आढावा 2019 मध्ये निघाला. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. पण तो व्यायाम डोळे उघडे ठेवून, आधाराजवळ आणि नियमाने करायचा.

मावशीला तेच लावून दिलंय. सकाळी ओट्याला दोन्ही हात टेकून एकेक पाय उचलायचा, जमेल तसा एक हात सोडायचा, शेजारी सुनेने उभं राहायचं. आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी घागरी-पिंपं भरून मोरीपासून दारापर्यंतची फरशी कोरडी होईपर्यंत मावशीने खाटेवरून उठायचं नाही.