बीजिंगमार्गे आलेला कायदा

३ डिसेंबरचा जागतिक अपंग दिन जवळ आला की एक युक्तिवाद ठरल्यासारखा फिरू लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. अपंगांचे हक्क हा ज्या त्या देशाचा घरचा मामला आहे. अपंगांसाठी जाहीर होणारी आशिया-पॅसिफिकची दशकं, परिषदा आणि जाहीरनामे हा निव्वळ कागदी कारभार आहे. निकष सगळे पाश्चात्त्यांचे. शेजारी देशांकडून आपण शिकावं असं काही नाही. तेव्हा परिषदांवर उधळला जाणारा पैसा सरळ व्हीलचेअर आणि श्रवणयंत्रांना द्यावा.

हे पुढे पाठवणाऱ्यांत अपंगांसाठी मनापासून राबणारी माणसंही असतात, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. शिवाय त्यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे. त्याच्याकडे येतोच.

‘ज्या त्या देशाचा घरचा मामला’

या वाक्याच्या आड सगळ्यांत आधी येतो तो भारताचाच १९९५चा अपंग व्यक्ती कायदा. त्याचं पहिलं पान उघडून उद्देशिका वाचावी. बीजिंगमध्ये १ ते ५ डिसेंबर १९९२ या काळात आशिया-पॅसिफिकच्या देशांची बैठक झाली, अपंगांच्या पूर्ण सहभागाची आणि समानतेची घोषणा तिथे स्वीकारली गेली, भारताने तिच्यावर सही केली आणि ती अमलात आणण्यासाठी हा कायदा करत आहोत, असं संसदेनेच तिथे लिहून ठेवलंय. ही बैठक बोलावली होती संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आर्थिक व सामाजिक आयोगाने, म्हणजे ‘एस्कॅप’ने.

उद्देशिकेत मोठी नावं घालायची पद्धतच असते, असं कुणी म्हणेल. इथे मात्र त्या उल्लेखावर संसदेचा अधिकार उभा आहे. आपल्या संविधानात ‘अपंग आणि नोकरीस अक्षम व्यक्तींना साहाय्य’ हा विषय राज्यसूचीत आहे, नवव्या क्रमांकावर. एरवी संसदेला त्यावर सगळ्या देशासाठी कायदा करणं अवघड. पण अनुच्छेद २५३ असं सांगतो की, एखादा आंतरराष्ट्रीय करार किंवा आंतरराष्ट्रीय परिषदेत झालेला निर्णय अमलात आणायचा असेल, तर विषय राज्याचा असला तरी संसद कायदा करू शकते. १९९५चा कायदा याच दारातून आत आला. ज्या परिषदेला कागदी म्हणून हिणवलं जातं, तिच्या कागदाने केंद्राला कायदा करण्याची वाट दिली.

केवळ परिषदेमुळे कायदा झाला, असं म्हणणं चळवळीवर अन्याय करणारं ठरेल. केंद्र सरकारच्या क आणि ड गटांच्या नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण १९७७पासून होतं, पण ते प्रशासकीय आदेशाने. सर्वंकष कायद्यासाठी १९८७मध्ये न्या. बहारुल इस्लाम समिती नेमली गेली, तिने अहवाल दिला आणि तो वर्षानुवर्षं पडून राहिला. १९९५च्या अखेरीस दिल्लीत अपंग कार्यकर्ते रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे संसद हलली. पण रस्त्यावर उतरलेल्यांच्या हातात ‘तुम्ही बीजिंगमध्ये सही करून आला आहात’ हे वाक्य होतं, आणि सरकारला ते खोडता येत नव्हतं.

पुढे याच कायद्याच्या, नोकरीतल्या आरक्षणाच्या कलम ३३वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३मध्ये निकाल दिला की, तीन टक्क्यांचा हिशेब केवळ अपंगांसाठी योग्य ठरवलेल्या पदांवर नव्हे, तर संवर्गातल्या एकूण रिक्त पदांवर करायचा. ज्यांनी बिंदुनामावली (आरक्षित पदांचा क्रम) आणि अनुशेष (न भरलेली आरक्षित पदं) या दोन शब्दांशी झगडा केलाय, त्यांना या एका वाक्याचं मोल वेगळं सांगायला नको. २०१६च्या नव्या कायद्याने आरक्षण चार टक्के केलं आणि अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्याच्याही उद्देशिकेत अपंगांच्या हक्कांवरचा संयुक्त राष्ट्रांचा २००६चा करार आहे. मामला घरचा असेल, पण घराची किल्ली दोन्ही वेळा बाहेरून आली.

‘जाहीरनाम्यांना कोण विचारतं?’

हाच तो बराचसा खरा मुद्दा. आशिया-पॅसिफिकचं पहिलं दशक १९९३ ते २००२. दुसऱ्या दशकासाठी ‘बिवाको’ नावाचा कृती आराखडा. तिसऱ्यासाठी २०१२मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला ठरलेली कार्यनीती : १० उद्दिष्टं, २७ लक्ष्यं, ६२ निर्देशांक. मग ऑक्टोबर २०२२मध्ये जकार्ता जाहीरनामा आणि २०२३ ते २०३२ हे चौथं दशक. यातलं काहीही न पाळल्याबद्दल कुठल्याही सरकारला कुठल्याही न्यायासनापुढे उभं करता येत नाही. दक्षिण आशियात तर त्याहून शुकशुकाट. सार्कने २००२मध्ये मानवी तस्करी आणि बालकल्याण यांवर करार केले, अपंगांवर एकही केला नाही. आणि नोव्हेंबर २०१४च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही.

पण यातून निघतं ते एवढंच की आपल्या भागातलं सहकार्य दुबळं आहे. सहकार्य ही गोष्टच निरुपयोगी, असं निघत नाही. जिथे त्याला दात आहेत तिथे काय होतं, ते पाहू.

ब्राझीलमधल्या सोब्राल शहरात ऑक्टोबर १९९९मध्ये एका मनोरुग्ण चिकित्सालयात दाखल केलेला दामियाओ शिमेनेस लोपेस हा तरुण काही दिवसांतच मारहाणीनंतर मरण पावला. देशात न्याय रखडला. बहिणीने तक्रार अमेरिका खंडांच्या मानवी हक्क यंत्रणेकडे नेली. ४ जुलै २००६ रोजी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने ब्राझीलला जबाबदार धरलं, कुटुंबाला भरपाई द्यायला लावली आणि मानसिक आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या असंही बजावलं. युरोपात हंगेरीच्या एका नागरिकाचा मताधिकार केवळ तो पालकत्वाखाली आहे म्हणून आपोआप गेला होता. २०१०मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अशी सरसकट बंदी चूक ठरवली.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०चं कलम १६ आजही सक्षम न्यायालयाने ‘मनोविकल’ ठरवलेल्या व्यक्तीला मतदार यादीबाहेर ठेवतं. त्याविरुद्ध देशातल्या न्यायालयांत लढता येईल. ती वाट संपली तर आशियात पुढचा दरवाजा नाही, कारण आशियाला मानवी हक्क न्यायालयच नाही. ‘जाहीरनाम्यांना कोण विचारतं’ असं उपहासाने म्हणणाऱ्यांनी हा दरवाजा मागायला हवा. ते तर उलट आहे ती खिडकीही बंद करा म्हणतात.

‘निकष पाश्चात्त्यांचे आहेत’

इथे इतिहास सरळ उलटा आहे. संयुक्त राष्ट्रांचं जागतिक अपंग दशक १९८३ ते १९९२ असं पार पडलं. ते संपताना एवढ्याने भागणार नाही, आम्हाला आमचं वेगळं दशक हवं, असं आधी आशिया-पॅसिफिकने ठरवलं. आफ्रिकेचं दशक १९९९मध्ये सुरू झालं, अरब देशांचं २००४मध्ये, अमेरिका खंडांचं २००६मध्ये. प्रादेशिक दशकाची कल्पना आशियातून बाहेर गेली. जागतिक करार शिजत होता तेव्हा, ऑक्टोबर २००३मध्ये, बँकॉकमध्ये आशियाई तज्ज्ञांनी आणि अपंग संघटनांनी स्वतःचा मसुदा तयार केला आणि तो वाटाघाटींत मांडला गेला.

प्रादेशिक कराराचा खरा फायदा हाच की जागतिक करारात न मावणारं दुखणं तिथे बोलता येतं. आफ्रिकी संघाने २०१८मध्ये अपंग हक्कांवरचा जो पूरक करार स्वीकारला आणि जो २०२४मध्ये अमलात आला, त्यात अघोरी विधींसाठी होणारे बळी आणि वर्णहीन त्वचेच्या माणसांवरचे हल्ले यांचा विचार आहे. न्यूयॉर्कमध्ये बसून हे कुणी इतक्या उघडपणे लिहिलं नसतं. दक्षिण आशियाने असा करार लिहायला घेतला तर कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांवरचा बहिष्कार त्यात येईल, यायलाच हवा. भारतात तर २०१९पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं.

कल्पना पश्चिमेची असली तरी ती कुठून येते याने फरक पडतो. ‘स्वतंत्र जीवन’ चळवळ, म्हणजे मदतनीस घेऊन आपल्या मर्जीने घर चालवण्याचा अपंग व्यक्तीचा हक्क, सुरू झाली ती कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत. लाहोर आणि काठमांडूत तिची केंद्रं उभी केली ती १९९९पासून जपानमध्ये चालणाऱ्या एका प्रशिक्षणातून परतलेल्या अपंग तरुणांनी. त्यांनी ती आशियाई शहरांत, आशियाई कुटुंबांत चालताना पाहिली होती.

‘शेजाऱ्यांकडून काय शिकायचं?’

मोजायला शिकावं, इथून सुरुवात करता येईल. आपल्या २०११च्या जनगणनेत अपंग २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाचा अंदाज १६ टक्क्यांचा. मग भारतीय काय इतके धडधाकट? बांगलादेशाचे आकडे शेजारी ठेवले की उलगडा होतो. २०११च्या जनगणनेत तिथे अपंग १.४ टक्के. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१०च्या घरगुती उत्पन्न-खर्च पाहणीत मात्र ९ टक्क्यांच्या वर. वर्षभरात कुणी बरं झालं नव्हतं, प्रश्न वेगळे होते. पाहणीत ‘वॉशिंग्टन गट’ या सांख्यिकी गटाच्या प्रश्नांचा धागा वापरला होता : पाहायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःची निगा राखायला, संवाद साधायला त्रास होतो का, आणि किती. घरात अपंग कुणी आहे का असं थेट विचारलं की लोक नाही म्हणतात, लाजेने किंवा ‘आजोबांना वयोमानाने कमी दिसतं, ते कसले अपंग’ या समजुतीने. श्रीलंकेच्या २०१२च्या जनगणनेत पाच वर्षांवरच्या लोकसंख्येत ८.७ टक्के आले. इंचॉनच्या आठव्या उद्दिष्टात तुलना करता येईल अशा आकडेवारीचा आग्रह आहे तो यासाठी. दोन टक्के मोजले की तरतूदही दोन टक्क्यांच्याच बेताने होते.

आणखी एक गोष्ट आपल्याला सहसा सांगितली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कराराला एक ऐच्छिक पूरक करार आहे. तो मान्य केलेल्या देशातल्या अपंग व्यक्तीला, देशातले उपाय संपल्यावर, थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करता येते. बांगलादेश आणि नेपाळ यांनी तो मान्य केलाय. भारताने केलेला नाही. ढाक्यातल्या कर्णबधिर मुलीला जो मार्ग मोकळा आहे तो कोलकात्यातल्या मुलीला नाही. पुढे असल्याचा तोरा कशाच्या जोरावर?

सीमेपलीकडे हक्क विरघळतात त्याचं साधं उदाहरण नेपाळचं. भारत-नेपाळ सीमा उघडी आहे, माणसं कामासाठी दोन्हीकडे जातात. नेपाळच्या अपंग ओळखपत्राचे रंग चार : लाल, निळा, पिवळा, पांढरा. आपल्या युडीआयडी कार्डाचे, म्हणजे अपंग ओळखपत्राचे, तीन : पांढरा, पिवळा, निळा. दोन्ही ओळखपत्रं सीमा ओलांडली की निव्वळ प्लास्टिक. युरोपीय संघाने २०२४मध्ये सदस्य देशांत चालेल अशा अपंग ओळखपत्राचा आणि पार्किंग कार्डाचा कायदा केला. आपल्याकडे हा विषय कुठल्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवरही दिसत नाही.

‘तो पैसा व्हीलचेअरला द्या’

व्हीलचेअर द्यायलाच हव्यात. पण खुर्ची मिळाली तरी बसची पायरी तशीच राहते, एटीएम बोलत नाही, तिकिटाचं यंत्र डोळस माणसासाठीच असतं. या वस्तू एकेका देशाच्या मागणीने बदलणं महाग पडतं, मोठ्या बाजारपेठेने एकत्र अट घातली की कंपन्या निमूट बदलतात. २८ जून २०२५पासून युरोपीय संघाच्या २७ देशांत नवी एटीएम, तिकीट यंत्रं, मोबाइल, ई-पुस्तकं आणि ऑनलाइन खरेदीची संकेतस्थळं अपंगांना वापरता येतील अशीच हवीत, असा नियम लागू झालाय. त्यासाठी किती बैठका झाल्या असतील! त्या बैठकांचा खर्च वाचवला असता तर काही व्हीलचेअर नक्की आल्या असत्या, यंत्रं मात्र तशीच राहिली असती.

स्वस्तातल्या सहकार्याचं उदाहरण तर आपल्याच हाताशी आहे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दहा-अकरा वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या. एका पद्धतीत छापलेलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीत शिकलेल्याला परकं. १९५१मध्ये युनेस्कोने बैरुतला प्रादेशिक परिषद घेतली, ब्रेल एकसारखी करण्यासाठी, आणि त्याच सुमारास भारती ब्रेल ठरली. तिच्यात ‘क’ म्हणजे एक आणि तीन क्रमांकांचे टिंब, मग भाषा मराठी असो, बांगला असो की तमिळ. पुढे नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेनेही हीच पद्धत घेतली. ती परिषदच होती, आणि तिथेही ठरावच झाले होते.

त्या ब्रेलवर आता करता येण्यासारखं बरंच आहे. दृष्टिहीनांसाठीची पुस्तकं सीमेपार पाठवायला परवानगी देणारा मराकेश करार २०१३चा. तो सर्वांत आधी मान्य करणारा देश भारत, २०१४मध्ये. श्रीलंका २०१६मध्ये आली. चेन्नईत तयार झालेलं तमिळ ब्रेल किंवा ध्वनिपुस्तक जाफन्यातल्या वाचकाकडे जायला आता कायद्याची आडकाठी नाही. दोन्हीकडच्या ग्रंथालयांनी याद्या जुळवायच्या आहेत आणि पुस्तकं पाठवायला लागायचं आहे. एवढ्यासाठी शिखर परिषद भरण्याची वाट पाहायचं कारण नाही, पण कुणीतरी कुणालातरी भेटायला जावंच लागेल.