साक्षीदार ठाम आहे, म्हणून बरोबर आहे?

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. मजकूर थोडक्यात असा: ‘डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही, मेंदू म्हणजे कॅमेरा. भीतीच्या क्षणी तर चेहरा कोरलाच जातो. साक्षीदार ठाम असेल आणि चार जण तेच सांगत असतील, तर उलटतपासणीचा तमाशा कशाला? सरळ शिक्षा द्या.’

निमित्त होतं आमच्या भागातल्या एका चेन स्नॅचिंगचं. ज्या काकूंची साखळी गेली त्यांना मी पंधरा वर्षं ओळखते. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नाहीत. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि खोट्या साक्षीदाराची मला फार भीती वाटत नाही, तो उलटतपासणीत बहुधा उघडा पडतो. प्रामाणिक माणूस चुकतो तेव्हा मात्र कुणालाच कळत नाही, त्याला स्वतःलाही नाही.

‘मेंदू म्हणजे कॅमेरा.’ आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच १९८३ साली भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात म्हटलं आहे की साक्षीदाराच्या मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा लावल्यासारखं काही होत नसतं. आठवताना आपण प्रसंग नव्याने जुळवतो, आणि त्या जुळवणीत नंतर ऐकलेलं बेमालूम मिसळतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या फिल्म दाखवल्या. ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता’ असं विचारलं तर सरासरी उत्तर आलं ताशी ४०.५ मैल. ‘एकमेकींना टेकल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तर ३१.८. बदललं होतं फक्त एक क्रियापद. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी ती ‘पाहिली’ होती.

‘भीतीच्या क्षणी चेहरा कोरला जातो.’ हा समज सगळ्यांत खोल रुजलेला आहे आणि सगळ्यांत जास्त नुकसान यानेच केलंय. १९८४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. त्या अवस्थेतही तिने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम निरखून ठेवला, जगले तर याला ओळखायचं म्हणून. तिने आधी फोटोंतून आणि मग ओळख परेडमध्ये, म्हणजे समोर रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून, रोनाल्ड कॉटन याला निवडलं. परेडनंतर पोलिसांनी तिला सांगितलं की फोटोतही तू यालाच ओळखलं होतंस. पुढे खरा गुन्हेगार कोर्टात तिच्यासमोर आणला, तेव्हा ‘याला मी कधीच पाहिलेलं नाही’ असं ती म्हणाली. तिच्या आठवणीत तोवर कॉटनचा चेहरा बसला होता. दहा वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर १९९५ मध्ये डीएनएने कॉटन निर्दोष ठरला. अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या पहिल्या ३७५ निर्दोषांपैकी सुमारे ६९ टक्के प्रकरणांत चुकीची ओळख हे एक कारण होतं. आणि समोर चाकू असेल तर नजर चाकूवर खिळते, चेहऱ्यावर नाही.

‘साक्षीदार ठाम आहे.’ कधीपासून ठाम आहे, हे विचारायला हवं. काकूंनी पहिल्या रात्री सांगितलं होतं, हेल्मेट होतं, नीट दिसलं नाही, गाडी काळी होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ग्रुपवर एका डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा फोटो टाकला, ‘हाच दिसतो’ म्हणून. खाली अंगठ्यांची रांग लागली. पाचव्या दिवशी काकू मला म्हणाल्या, "हाच व्हय तो. म्या माह्या डोयानं पाहलं ना वं बाई!" गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये नेमकं हेच दाखवलं: चुकीचा माणूस निवडलेल्याला ‘छान, संशयित ओळखलात’ एवढं म्हटलं, तरी त्याची खात्री वाढते. इतकंच नाही, ‘मला चेहरा नीट दिसला होता’ असंही तो सांगू लागतो.

‘चार जण तेच सांगतात.’ ते चौघं आधी आपसात बोलले असतील तर ती साक्ष चौघांची धरता येत नाही. २००३ च्या एका ब्रिटिश प्रयोगात जोडीतल्या दोघांना एकाच घटनेचे वेगवेगळ्या कोनांतले व्हिडिओ दाखवले. नंतर चर्चा केलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी फक्त जोडीदाराने पाहिलेली किमान एक गोष्ट स्वतः पाहिल्याचं सांगितलं. माझ्याच घरचं सांगते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदी घराघरांत शिरली. बाल्कनीतून वाहत जाणारी लाल कार मला आजही लख्ख दिसते. पण त्या वेळी वीज गेली होती, गल्लीत मिट्ट काळोख होता. ती कार दुपारी आलेल्या व्हिडिओतली आहे, हे नवऱ्याने तो व्हिडिओ दाखवला तेव्हा पटलं. मी शपथेवर साक्ष दिली असती.

मग साक्षीदारांवर विश्वासच ठेवायचा नाही का? असं मी म्हणत नाही. आपल्या कायद्यात एका विश्वासार्ह साक्षीदारावरही शिक्षा होऊ शकते, आणि ती होऊ शकलीच पाहिजे. पीडितेला तारीख-वेळ नीट सांगता आली नाही म्हणून तिला खोटी ठरवणाऱ्यांशी मी कोर्टात भांडत आले आहे. तपशील सरकतात म्हणून घटना घडलीच नाही असं होत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखणं हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्यात मोल असतं पहिल्या, न ढवळलेल्या जबाबाला. म्हणून तर ओळख परेड असते, आणि परेडआधी साक्षीदाराने फोटो पाहिला असेल तर तिचं वजन जातं. म्हणजे काकूंचा चोर तोच पोरगा असला, तरी ग्रुपवरच्या त्या फोटोने बचावाच्या वकिलाचं काम सोपं केलंय. नसला, तर एका निरपराध पोराला आपण आयतं गुंतवलंय. ज्याला ‘तमाशा’ म्हटलंय त्या उलटतपासणीतच कुणीतरी काकूंना विचारेल, फोटो आधी पाहिला होता का?

काकूंचा पहिल्या रात्रीचा व्हॉइस मेसेज ग्रुपवर अजून आहे, मिनिटभराचा. काल त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघींनी तो ऐकला. त्यात हेल्मेट आहे, काळी गाडी आहे, चेहरा कुठेच नाही. काकूंनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "हे पोलिसायले आयकवा लागते." उद्या सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत.