क्लब म्हणजे कोण?

लातुरात एकेकाळी क्लबचा मेंबर असणं ही लग्नाच्या बायोडाट्यात लिहायची गोष्ट होती, आता आमच्या क्लबचं नाव काढलं की लोक विचारतात, चालू आहे का अजून? आहे हो. एसीच्या जागी एसीचं स्टँड आहे, कॅरमला पावडर नाही, पण मेनूकार्ड चांगलं सहा पानी आहे. त्यातलं काहीही मागवा, वाढणारे मामा शांतपणे म्हणणार, "सुशीला मिळंल." म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे चुरमुरे. मंचुरियन? "सुशीला मिळंल की." मग एवढं कार्ड छापलंच कशाला राव?

स्विमिंग पूलचं तर बोलायलाच नको. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा पूल कोरडा होता ते ठीक, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागलेल्या गावात पोहायचं म्हणणं शोभलंही नसतं. पण नंतर मांजरा धरण भरलं, दरवाजे उघडले, तरी पूल तसाच. आता त्यात मोडक्या खुर्च्या ठेवलेत. मोटर रिपेरीचं बिल थकलंय म्हणे.

परवा वार्षिक सभा झाली. कोरम नव्हता म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी तीच माणसं बसली की सभा कायदेशीर. विषय एकच, पैसा कुठं गेला. मॅनेजरनी उधारीची वही काढली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बऱ्याच जणांना अचानक फोन आले. विषय बदलायला आमचे एक सीए मेंबर उठले अन् चहाच्या बिलावर जीएसटी का म्हणून सुरू झाले, क्लब आणि मेंबर वेगळे नसतातच, आपणच आपल्याला चहा विकतो का, 2019 ला कलकत्ता क्लबच्या सर्व्हिस टॅक्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेच मान्य केलं, तर सरकारनं 2021 ला जीएसटीचा कायदाच बदलून टाकला अन् तोही 1 जुलै 2017 पासून मागं नेऊन! टाळ्या पडल्या. स्वतःची वर्गणी न भरता सरकारवर चिडण्यात जी मजा आहे ती रमीत पण नाही.

मॅनेजर तसे गरीब माणूस, पण त्यांचाही पगार तटलेला. म्हणाले, "क्लब अन् मेंबर एकच, असंच सांगलालाव ना साहेब? मग मोटरवाल्याला तुमच्याच घरी पाठवू का?"

एकदम शांतता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की चहात साखर कमी असते, आणि मग उरलेली सगळी सभा साखरेवर गेली, शुगर असलेले अन् नसलेले असे सरळ दोन गट पडले. चहाचा रेट दोन रुपयांनी वाढवायचा ठराव मात्र पुढच्या वर्षावर ढकलला, एकमतानं.

शेवटी वसुली समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर वहीत पहिलं पान ज्यांच्या नावाचं आहे ते अण्णा. अण्णांनी खुशीत सगळ्यांना चहा सांगितला.

"रोख का वहीत?" मामांनी विचारलं.

"वहीतच लिव्हा, वसुली आता माझ्याकडंच आहे."