रुपये एकशे सत्तेचाळीस फक्त

माझ्या पाकिटात कालपासून एक पावती आहे. रक्कम 147 रुपये, सोसायटीचा गोल शिक्का, खजिनदारांची सही, खाली छापील 'धन्यवाद'. फाडून टाकावी असं तीनदा मनात आलं. पण तपशिलाच्या रकान्यात जे लिहिलंय ते वाचलं की डोकं पुन्हा तापतं आणि पुरावा म्हणून ठेवावीशी वाटते. त्या रकान्याकडे येतो.

गाडी वडिलांची. 1998 ची मारुती एस्टीम, 1298 सीसी, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला यांत्रिक डबा असलेली. कार्ब्युरेटर गळायला लागला, तीन मेकॅनिकांनी तो तीनदा खोलला आणि दर वेळी एकेक स्क्रू उरला. शहाणा माणूस अशा वेळी गाडी विकतो. मी ती फ्युएल इंजेक्शनवर, म्हणजे मोजून पेट्रोल फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीवर न्यायचं ठरवलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून याच गाडीच्या पुढच्या, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवाल्या मॉडेलचा मॅनिफोल्ड, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी असा संसार आणला. मूळ ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, तोही मिळत होता, पण त्याचं वायरिंग कोणीतरी ऊस तोडावा तसं तोडलेलं. म्हणून स्पीडुइनो घेतला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोरं ज्यावर दिवे लुकलुकवतात त्या अर्दुइनो मेगा बोर्डावर चालणारा हा ईसीयू. आराखडे खुले, सॉफ्टवेअर खुलं. माझे आठ रविवार तेवढे त्यात बंद झाले.

लॅपटॉप जोडला की समोर 16 गुणिले 16, म्हणजे 256 घरांचा तक्ता उघडतो. किती आरपीएमला, किती लोडला इंजिन किती हवा ओढतं ते घराघरात भरायचं. 256 बिऱ्हाडांची चाळच ती. एकाचं पेट्रोल वाढवलं की शेजारचं खोकायला लागतं. पहिल्याच रविवारी इंजिनचं तापमान उणे 40 दिसत होतं. कोथरूड, भर मे महिना. तापमानाच्या सेन्सरची वायर तुटली की असा आकडा दिसतो, हे मला दुपारी कळलं. तोवर ईसीयू बिचारा इमानेइतबारे सियाचीनमधल्या इंजिनला द्यावं तेवढं पेट्रोल ओतत होता आणि तिसऱ्या मजल्यावरून 'गॅस लीक झालाय का हो?' अशी विचारणा होत होती.

पण ते दुखणं सोपं होतं. खरा छळ पुढे. क्रँकला, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याला, एक दातेरी चक्र असतं आणि त्याचे दात टिपायला शेजारी एक सेन्सर. 36 दातांची जागा, त्यातला एक मुद्दाम काढलेला. प्रत्येक दात 10 अंशांचा. ईसीयू दात मोजत बसतो, ती पडकी जागा आली की समजतो, एक फेरा झाला, आता ठिणगी कधी टाकायची ते ठरवू. माझ्याकडे तो मोजता मोजता चुकत होता. आई वाटीनं तांदूळ मोजत असताना शेजारी कोणी मोठ्यानं पाढे म्हणावेत, तसं. गाडी 850 आरपीएमवर गुरगुरत असायची आणि पडद्यावरचा काटा अचानक 6200 ला जाऊन यायचा. 'सिंक लॉस'चा, म्हणजे मोजणी किती वेळा चुकली त्याचा आकडा एकनं वाढायचा, इंजिनला उचकी लागायची आणि बंद.

मी दात टिपणारा सेन्सर बदलला. मग वेगळ्या जातीचा सेन्सर लावला. शिल्डेड केबल ओढली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली, कारण दोन्ही टोकांना केली तर म्हणे उलटाच उपद्रव. रेझिस्टरवाले प्लग टाकले. इग्निशनच्या वायरी सेन्सरपासून हातभर लांब नेल्या, जशा भांडकुदळ जावा वेगळ्या खोल्यांत ठेवतात. तरी उचकी होतीच. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत मायेनं म्हणाला, "साहेब, कार्ब परत बसवा." त्याचे पैसे घेतले नाहीत त्यानं. ते जास्त लागलं.

वॉचमन मात्र पहिल्या रविवारीच म्हणाला होता, "साहेब, गाडीला करंट हाय. हात लावला का झिनझिन्या येतात." मी त्याला स्थिर विद्युत म्हणजे काय ते समजावलं आणि दोष त्याच्या नायलॉनच्या शर्टाला दिला. हे इथे लिहून ठेवतो, पुढे लागेल.

तर काल आठवा रविवार. लॅपटॉप मांडीवर. त्याची बॅटरी म्हातारी, म्हणून अडॅप्टर लावलेला. सारखा स्टार्टर मारून गाडीची बॅटरी उतरते, म्हणून तिला एक स्वस्तातला चार्जर डकवलेला. दोन्ही पार्किंगमधल्या सॉकेटवरून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर. इतक्यात खजिनदार काका आले. बँकेतून निवृत्त, हातात टॉर्च, काखेत डायरी. दुपारी चार वाजता टॉर्च कशाला, हे त्यांना विचारायचं नसतं.

"सापडलं," ते म्हणाले. माझ्याशी नाही, डायरीशी.

काका रोज रात्री नऊला कॉमन मीटरचं रीडिंग लिहितात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं की रविवारी आकडा फुगतो. आधी जिन्याच्या दिव्यांवर संशय घेतला, ते एक रविवार बंद ठेवले. (त्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या आजी धडपडल्या, ते प्रकरण वेगळं.) पुढच्या रविवारी पंपाची वेळ बदलली. मग लिफ्टच्या फेऱ्या मोजल्या. एकेक गोष्ट बाजूला काढत काढत ते माझ्या बोर्डापर्यंत पोचले होते. रविवारांखाली लाल रेघा असलेलं ते पान त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. माझा डेटालॉग इतका नीटनेटका कधीच नव्हता, हे कबूल करायला मला एक रात्र लागली.

"किती वॅटचा हा?" त्यांनी अडॅप्टर उचलला.

"65."

चष्मा कपाळावर गेला. "इथे इनपुट 1.5 अँपिअर लिहिलंय. 230 गुणिले 1.5. तीनशे पंचेचाळीस."

"काका, ते जास्तीत जास्त. प्रत्यक्षात इतका ओढत नाही."

"छापलंय का नाही?"

"छापलंय, पण..."

इंजिन बंद पडलं.

"बंद पडली," काका म्हणाले.

"हो."

"पेट्रोलची आहे ना? मग विजेवर का लावलीय?"

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. काकांनी बॅटरी चार्जर उलटा केला. "0.5 अँपिअर. एकशे पंधरा. दोन्ही मिळून चारशे साठ. रोज किती तास?"

"रोज नाही, रविवारी. चारेक तास."

"चार. आठ रविवार. बत्तीस."

इंजिन पुन्हा बंद.

"हे कायद्यात बसतं का पण?" त्यांनी मध्येच विचारलं. बसतं का? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करू नका म्हणणारं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलंय. इंजिन तेच, इंधन तेच, सीसी तेवढेच, असं मी पुटपुटलो, पण आवाजात जोर नव्हता. काकांचं लक्षही नव्हतं. ते मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर एका बोटानं आकडे मारत होते. मग मोबाईल लांब धरून त्यांनी वाचलं,

"14.72 युनिट."

मी सुन्न. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनानं 14.7 भाग हवा लागते. हा आकडा गाडीच्या मीटरवर स्थिर दिसावा म्हणून मी आठ रविवार तडफडतोय, आणि तो आला कुठे, तर सोसायटीच्या खजिनदारांच्या मोबाईलवर. बरं, हा आकडाही आता खरा राहिलेला नाही. पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला 9 भाग हवा पुरते, त्यामुळे मिश्रणाचं गणित साडेतेराच्या आसपास येतं. 2030 सालचं उद्दिष्ट होतं, ते 2025 वर आणलं आणि गाठलंही. रस्त्याचं एखादं काम असं पाच वर्षं आधी झालेलं मी आमच्या भागात पाहिलेलं नाही. 1998 च्या गाडीतल्या रबरी नळ्यांनी काय करायचं, हे कोणी विचारलं? कार्ब्युरेटरच्या गळतीत याचा हात किती, हे मला आता कोण सांगणार? टाकी भरायला गेलो की पंपावरचा पोऱ्या "झिरो बघा साहेब" म्हणतो. झिरोच बघतोय.

असो. गाडी पुन्हा सुरू केली होती, नेहमीसारखी खोकत होती. काकांना 14.72 मध्ये काव्य दिसलं नाही. "दहा रुपये युनिट धरू," ते म्हणाले, वाकले, आणि एक्स्टेन्शनची पिन सॉकेटमधून उपटली.

गाडी बंद पडली नाही.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत उभे. अर्धा मिनिट. एक मिनिट. काटा 850 वर खिळल्यासारखा. सिंक लॉसचा आकडा 41 होता तो 41 च. एस्टीमचं इंजिन किती हळू आवाजात चालतं हे मी विसरलो होतो. वरच्या मजल्यावरची कुकरची शिट्टी ऐकू आली.

"काका, पिन परत लावा."

"का?"

"खात्री करायचीय."

"खात्रीची वीजही मीटरवर येते."

शेवटी दोन मिनिटं मिळाली, त्यांच्या घड्याळानं. फक्त अडॅप्टर लावला, काही झालं नाही. फक्त चार्जर लावला आणि तिसऱ्या सेकंदाला काटा 6200. म्हणजे तो स्वस्तातला चार्जर गाडीच्या 12 व्होल्टमध्ये कचरा सोडत होता, ईसीयू तो कचरा दात समजून मोजत होता, आणि तोच करंट त्या नायलॉनच्या शर्टाला झिणझिण्या देत होता. वॉचमन गेटवरून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

काकांनी जागेवर पावती फाडली. पैसे मागताना मी 'तुम्ही' होतो, गाडी सुधारल्यावर 'तू' झालो. "बघ, आठ आठवडे लॅपटॉप घेऊन बसलास. मला विचारायचंस." मी रकाना वाचला. तपशील: गाडी दुरुस्ती.

"काका, दुरुस्ती नाही. 'वीज वापर' लिहा."

"वीज वापर लिहिला तर जनरल बॉडीत विचारतील, खासगी गाडीला कॉमन मीटरची वीज दिलीच कशी. दुरुस्ती लिहिलं की प्रश्न मिटला."

"पण दुरुस्ती तुम्ही केली नाहीत!"

त्यांनी शांतपणे गाडीकडे पाहिलं. ती 850 वर, निर्लज्जासारखी, एका सुरात चालली होती.

मी दीडशे दिले. तीन रुपये सुट्टे नव्हते त्यांच्याकडे. आज सकाळी जिन्यात भेटले, तेव्हाही विषय काढला नाही.